इंग्लंडच्या कालव्यांवर स्वतःची बोट: घ्यायची कशी, चालवायची कशी, सांभाळायची कशी

कालव्यावर वादळ येत नाही, लाटा उठत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी पाणी छातीच्या वर जात नाही. तरीही दरवर्षी नॅरोबोटी (कालव्यांसाठीच्या लांब, अरुंद बोटी) बुडतात. कारणं नेहमीचीच असतात: मागचं झाकण नीट बसलेलं नव्हतं, लॉकमध्ये (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारांच्या हौदात) बोटीची शेपूट अडकली, तळाचा पत्रा गंजून पातळ झाला होता. यातलं जवळजवळ प्रत्येक कारण थोडं लक्ष दिलं असतं तर आधीच कळलं असतं. म्हणून बोट घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सवय लावून घ्यायला सांगतो. पाणी आत्ता कुठे आहे आणि कुठे जायला बघतंय, हे कायम माहीत असू द्या. बोटीखालचं, लॉकमधलं, इंजिनाच्या खणातलं, डिझेलच्या टाकीतलं, नळातलं, सगळं. पुढचा सगळा लेख त्याबद्दलच आहे.

घेण्याआधी

इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ सांभाळतो. 2012 मध्ये त्याने ‘ब्रिटिश वॉटरवेज’कडून ही जबाबदारी घेतली. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे आणि थेम्स नदी (भरती-ओहोटीचा भाग सोडून) ‘एन्व्हायर्नमेंट एजन्सी’कडे आहे.

अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली आणि त्याच्या पिढीतल्या अभियंत्यांनी मध्य इंग्लंडमधली लॉकं सुमारे 7 फूट रुंदीची बांधली. त्यामुळे आजही नॅरोबोट 6 फूट 10 इंच रुंद असते. 10-12 फुटांची रुंद बोट आतून घरासारखी ऐसपैस वाटते, पण मध्य भागातल्या अरुंद लॉकांतून ती जाऊच शकत नाही. उत्तरेकडचे किंवा दक्षिणेकडचे रुंद कालवे, यांपैकी एकातच ती अडकून राहते. फिरायचं असेल तर नॅरोबोटच घ्या. लांबीचाही असाच विचार करा. बऱ्याच लॉकांत 70 फुटांची बोट मावते, पण उत्तरेकडची काही लॉकं आखूड आहेत. म्हणून जवळजवळ सगळीकडे जाऊ शकणारी लांबी 57 फूट समजली जाते.

विकत घेण्याआधी एक आठवडा बोट भाड्याने घ्या, आणि तीही ऐन उन्हाळ्यात नको. मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरच्या शेवटी घ्या. पावसात टिलर (सुकाणूचा दांडा) धरून चार तास उभं राहणं, ओले कपडे आत कुठे वाळत घालायचे हा प्रश्न, पाच वाजता पडणारा अंधार, हे सगळं सोसूनही बोट हवीशी वाटली तरच पुढे जा. जमल्यास ‘आरवायए’चा (रॉयल यॉटिंग असोसिएशनचा) इनलँड वॉटरवेज हेल्म्समन हा छोटा अभ्यासक्रमही करून टाका.

आता मुख्य परीक्षा. स्वयंपाकघर, टाईल्स, चुलीभोवतीची सजावट यांकडे पहिल्या भेटीत पाहूसुद्धा नका. सरळ केबिनच्या मागच्या टोकाला जा. तिथे फळीत हाताएवढं एक छोटं झाकण असतं. ते उचला आणि खाली हात घाला. बोट मागे किंचित झुकलेली असल्याने आत शिरलेलं पाणी इथेच जमतं. हाताला कोरडी धूळ लागली तर उत्तम. ओल लागली, गंजाचा चिखल लागला किंवा मालकाला ते झाकण कुठे आहे हेच माहीत नसलं, तर बोट आतून बाहेर गंजतेय असं धरून चाला. झाकणच नसेल तर किमतीची बोलणी थांबवून आधी तळ पाहायची व्यवस्था करायला सांगा.

यानंतर बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे. नव्या नॅरोबोटीत तळाचा पत्रा साधारण 10 मिलिमीटर, बाजूचा 6 आणि केबिनचा 4 असतो. सर्व्हेअर अल्ट्रासाउंडच्या यंत्राने जागोजागी जाडी मोजतो. 4 मिलिमीटरच्या खाली पत्रा गेला की बऱ्याच विमा कंपन्या कुरकुरतात. मग जुन्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्ड करावा लागतो आणि तो खर्च मोठा असतो. सर्व्हे स्वतःच्या पैशाने, स्वतः निवडलेल्या माणसाकडून करून घ्या. विक्रेत्याने दाखवलेला दोन वर्षांपूर्वीचा अहवाल वाचा, पण त्यावर पैसे लावू नका.

परवाना आणि कागद

ट्रस्टचा परवाना मिळवायला तीन गोष्टी लागतात: विमा, ‘बोट सेफ्टी स्कीम’चं प्रमाणपत्र आणि बोट कुठे राहणार याचं उत्तर. प्रमाणपत्र दर चार वर्षांनी नवं घ्यावं लागतं. त्यात गॅस, वीज, इंधन आणि आगीपासूनची सुरक्षा तपासतात. पत्र्याची जाडी त्यात येत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र आहे म्हणजे बोट धडधाकट आहे असं समजू नका. परवान्याची रक्कम बोटीच्या लांबी-रुंदीवर ठरते. मध्यम नॅरोबोटीला वर्षाला हजार पौंडांच्या वरच धरा.

बोट कुठे राहणार याला दोनच उत्तरं आहेत. एक तर मरिनात (बोटी ठेवायच्या गोदीत) किंवा काठावर पक्की जागा भाड्याने घ्या, किंवा सतत फिरतं राहा. फिरत्या बोटीने एका ठिकाणी 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, हे 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यातच आहे, आणि बोट खरोखर प्रवासात असावी लागते. दोन पुलांमध्ये ये-जा करून भागत नाही. ट्रस्टचे लोक काठाने फिरत बोटींचे क्रमांक नोंदवत असतात. 2024 पासून अशा फिरत्या बोटींना परवान्यावर अधिभारही लागतो. मुलांची शाळा किंवा रोज ठरावीक ठिकाणची नोकरी असेल, तर फिरतं राहण्याचा बेत कागदावर स्वस्त दिसला तरी निभत नाही. आधी जागा शोधा, मग बोट. आणि त्या जागेवर कायमचं राहायला परवानगी आहे का, हे लेखी विचारा. बऱ्याच ठिकाणी ती नसते.

निघण्याआधी रोज

इंजिनाचं तेल आणि कूलंटची पातळी पाहा. बहुतेक नॅरोबोटींत कूलंट बोटीच्या बाजूच्या पत्र्याला आतून जोडलेल्या टाकीतून फिरतं आणि बाहेरच्या कालव्यामुळे गार होतं. इंजिन तापू लागलं तर या टाकीत हवा अडकलीय का ते आधी तपासा.

मग स्टर्न ग्लँड. पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा जिथून पत्र्यातून बाहेर जातो, तिथे पाणी अडवायला भरलेली ही चकती असते. बोट चालताना तिच्यातून अधूनमधून थेंब पडणं ठीक. इंजिन बंद केल्यावर गळती थांबली पाहिजे. दिवस संपला की शेजारचा ग्रीसर (ग्रीस आत दाबणारा स्क्रू) जरा कडक लागेपर्यंत फिरवा. तरीही थेंब थांबत नसतील तर चकतीचे नट थोडेसेच आवळा, दोन्ही बाजूंना सारखे. घाईने फार आवळलं की दांडा तापतो आणि त्यावर चरे पडतात. मग भरण कितीही बदललं तरी गळती थांबत नाही.

वीड हॅच हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. पंख्याच्या बरोबर वर एक चौकोनी झाकण असतं. ते उघडून हात खाली घातला की पंख्यात अडकलेलं प्लॅस्टिक, दोर, शेवाळ, कधीकधी अख्खी साडीसुद्धा काढता येते. इंजिनाचा आवाज जड झाला, मागे फेस वाढला आणि वेग पडला, तर पंख्याला काहीतरी गुंडाळलंय हे ओळखा. काठाला लागा, इंजिन बंद करा आणि किल्ली काढून खिशात टाका. ब्रेडकटरसारखी दातेरी सुरी आणि जाड हातमोजे जवळच ठेवलेले असावेत. काम झालं की झाकण परत ठेवा, त्याची पट्टी घट्ट आवळा, मग इंजिन सुरू करून झाकणाच्या कडेला हात फिरवून पाहा. झाकण सैल राहिलं तर पंखा पाणी थेट इंजिनाच्या खणात फेकतो. मागचा भाग खाली जातो, हवेच्या भोकांतून आणखी पाणी आत येतं आणि बोट काही मिनिटांत तळाला टेकते.

लॉक: इथे घाई करू नका

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला खोल हौद. पॅडल नावाच्या झडपा विंडलासने (फिरवायच्या लोखंडी हँडलने) वर उचलायच्या, पाणी आत घ्यायचं किंवा बाहेर सोडायचं. दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की लांब लाकडी दांड्याला पाठ लावून रेटायचं आणि दार उघडतं. उघडत नसेल तर पाणी अजून सारखं झालेलं नाही. जोर लावू नका, थांबा. विंडलास दोन बाळगा, एक केव्हा ना केव्हा पाण्यात जातंच.

वर चढताना: एकाने विंडलास घेऊन पुढे चालत जावं. लॉक भरलेलं असेल आणि वरून कोणी येत असेल तर त्याला आधी येऊ द्या. भरलेलं लॉक तुमच्यासाठी रिकामं केलं तर एक लाख लिटरहून जास्त पाणी वाया जातं, आणि कोरड्या उन्हाळ्यात हेच पाणी वरच्या जलाशयातून आणावं लागतं. रिकाम्या लॉकमध्ये बोट घ्या, खालची दारं बंद करा, खालची पॅडल पडली आहेत हे डोळ्यांनी पाहा. मग वरची जमिनीतली पॅडल अर्धी उचला आणि थांबा. बोट स्थिर झाल्यावर पूर्ण उचला. दारातली पॅडल घाईने उचलली तर पाण्याचा झोत थेट पुढच्या डेकवर येतो आणि तिथून केबिनमध्ये. दारातल्या पॅडलच्या भोकांच्या वर पाणी चढेपर्यंत ती बंदच ठेवा. रुंद लॉकमध्ये एकटेच असाल तर बोट ज्या बाजूला आहे त्याच बाजूचं पॅडल आधी उघडा. पाणी समोरच्या भिंतीला आपटून परत येतं आणि बोट तुमच्या भिंतीला धरून राहते. आणि बोटीचं नाक दारातल्या आडव्या लाकडाखाली अडकत नाही ना, याकडे डोळा ठेवा.

खाली उतरताना: धोका मागच्या बाजूला असतो. वरच्या दाराखाली दगडाचा किंवा काँक्रीटचा उंबरा असतो. लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही, रिकामं होऊ लागलं की बाहेर येतो. बोटीची मागची बाजू त्याच्यावर राहिली, तर पुढचा भाग खाली जात राहतो आणि मागचा तिथेच टांगलेला राहतो. बोट तिरकी होते आणि पुढून पाणी घेते. भिंतीवर पांढऱ्या रंगाने उंबऱ्याची रेघ काढलेली असते. बोटीची शेपूट त्या रेघेच्या बरीच पुढे ठेवा आणि पाणी उतरेपर्यंत टिलरवरच्या माणसाने मागे पाहत राहावं, मोबाईलकडे नाही. दोर खांबाला गाठ मारून बांधू नका, एक वेढा देऊन हातात धरा आणि पाणी उतरेल तसा सोडत जा. अडकल्याचं लक्षात आलं तर लगेच खालची पॅडल पाडा, मग वरची हळूहळू उघडून बोट पुन्हा तरंगती करा. हा क्रम दोघांनाही पाठ असावा. त्या क्षणी आरडाओरडा होतो आणि कोणालाच काही सुचत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवून ठेवा. दंडावर दंड आडवा ठेवला म्हणजे पॅडल बंद कर, एवढीच एक खूण असली तरी पुरते.

पॅडल खाली आणताना विंडलास लावून हळू फिरवत आणा. विंडलास दांड्यावर तसाच सोडून खटका काढला, तर तो भन्नाट फिरतो आणि मनगट किंवा जबडा मोडू शकतो. आणि निघताना मागची दारं, मागची पॅडल बंद आहेत हे तपासा. एका विसरलेल्या पॅडलने वरचा अख्खा टप्पा रात्रीत उतरतो आणि सकाळी तिथल्या बोटी चिखलात कलंडलेल्या असतात.

जिन्यासारखी एकाला एक चिकटून असलेली लॉकं वेगळ्या नियमाने चालतात. बिंगलीची पाच लॉकांची उतरंड 1774 पासून वापरात आहे, तिथे लॉककीपर सांगेल तसंच करा. फॉक्सटनच्या उतरंडीला आधी लाल पॅडल, मग पांढरं. उलटं केलंत तर पाणी काठावरून वाहू लागतं. डिव्हायझेसजवळच्या केन हिलला 29 लॉकं आहेत, त्यातली 16 एका सरळ रेषेत. तिथे सकाळी लवकर निघा आणि शक्य तर दुसऱ्या बोटीबरोबर जोडीने जा. दोन बोटींना मिळून एक लॉक, माणसं दुप्पट, पाणी अर्धं.

चालवणं आणि बांधणं

टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, आणि ती मधून फिरते, पुढून नव्हे. नाक वळतं त्याच वेळी शेपूट उलट बाजूला जाते, म्हणून काठाच्या अगदी जवळून एकदम वळू नका. रिव्हर्समध्ये सुकाणू जवळजवळ काम करत नाही. बोटीला ब्रेक नाही, त्यामुळे थांबायचा विचार तुम्हाला वाटतो त्याच्या खूप आधी करायला हवा.

वेगाची कमाल मर्यादा ताशी 4 मैल आहे, पण प्रत्यक्षात 3 पुरतात. मागच्या लाटा काठावर फुटत असतील तर जोर कमी करा. उथळ कालव्यात वेग वाढवला की शेपूट खाली बसते, इंजिन ओरडतं आणि बोट मात्र पुढे सरकत नाही. बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद ठेवा. तुमच्यामुळे मागे-पुढे झालेलं पाणी त्यांचे खुंटे जमिनीतून उपटतं. समोरून बोट आली तर उजवीकडून जा. आंधळ्या वळणावर भोंगा वाजवा, बोगद्यात पुढचा दिवा लावा. वेळेचा अंदाज बांधताना प्रत्येक लॉक म्हणजे एक मैल धरा, आणि तासाला असे तीन.

टिलरच्या फिरण्याच्या जागेत उभं राहू नका, मागच्या कठड्यावर बसू नका. कोणी पाण्यात पडलं तर पहिली गोष्ट गिअर न्यूट्रलमध्ये. रिव्हर्स घेतला तर त्याला पंख्याकडे ओढाल.

पहिल्या मोसमात लँगोलन कालवा करून पाहा. पॉन्टसिसिल्ट जलसेतू 1805 मध्ये उघडला, 307 मीटर लांब, आणि खाली डी नदी सुमारे 38 मीटरवर. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला लोखंडी कुंडाची कड, आणि त्यापलीकडे थेट दरी. लहान मुलांना त्या वेळी केबिनमध्येच ठेवा.

बांधताना बोट पुढून आणि मागून, दोन्ही दोर बोटीपासून तिरके दूर नेऊन बांधा, म्हणजे ती पुढे-मागे सरकत नाही. मधला दोर फक्त काठाला लागताना वापरा. रात्रभर त्याच्यावर बांधली तर जाणाऱ्या प्रत्येक बोटीबरोबर ती कलते. लॉकच्या धक्क्यावर, पाणी भरायच्या नळाजवळ, वळणावर किंवा बोटी वळवायच्या रुंद जागेत थांबू नका.

वीज, गॅस, चूल

ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते. उन्हाळ्यात छतावरचं सोलर पुरतं, डिसेंबरमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका. बांधलेल्या बोटीत रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन चालवायचं नाही, त्यामुळे हिवाळ्यात चार्जिंगची वेळ ठरवूनच घ्यावी लागते. डिझेल घेताना किती टक्के बोट चालवायला आणि किती घरगुती वापराला, हे जाहीर करावं लागतं, कारण दोन्हीवरचा कर वेगळा.

गॅस हवेपेक्षा जड असतो. सिलिंडरच्या खणाला खाली बाहेर उघडणारी भोकं असतात, ती पानं आणि कोळ्यांच्या जाळ्यांनी बुजू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म 2019 पासून बोट सेफ्टी स्कीममध्ये सक्तीचा आहे. थंडी वाजते म्हणून दारातली आणि छतातली हवेची भोकं बंद करणारे लोक मी पाहिलेत, आणि हे वाचणाऱ्या एकानेही तसं करू नये अशी कळकळीची विनंती आहे. कोळशाच्या चुलीबरोबर ती चूक जिवावर बेतते.

कालव्याच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. ओले दोर हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवू नका, जखमा झाकून ठेवा.

तळ, डांबर आणि अॅनोड

दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढा, दाबाच्या पाण्याने धुवा, गंज खरवडा आणि डांबराचे किमान दोन हात द्या. जलरेषेवर एक हात जास्त, कारण पत्रा तिथेच सगळ्यात जास्त झिजतो. इपॉक्सी महाग पडतो, पण जास्त टिकतो. पत्रा उघडा करून घेणार असाल तर मी तोच करायला सांगेन. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे अॅनोड लावतात. ते पत्र्याऐवजी स्वतः झिजतात, निम्मे उरले की बदला. मरिनातल्या विजेला बोट जोडत असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवलेला आहे ना ते पाहा. तो नसेल तर शेजारच्या बोटीमुळे तुमचा पत्रा खाल्ला जाऊ शकतो.

हिवाळा

नोव्हेंबर ते मार्च ट्रस्ट लॉकांची दुरुस्ती करतो आणि कालव्याचे टप्पे बंद ठेवतो. या बंदीची यादी आधी जाहीर होते. बोट कुठल्या दोन बंद लॉकांमध्ये अडकणार नाही, ते तारखांसकट ठरवून घ्या.

बोट सोडून जाणार असाल तर डिझेलची टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेत दव धरतं, पाणी तळाशी बसतं आणि त्यात जंतूंची काळी साय वाढते. इंजिनात पुरेसं अँटीफ्रीझ आहे का ते मोजा. पाण्याचा पंप बंद करून सगळे नळ उघडे ठेवा आणि गरम पाण्याची टाकी रिकामी करा. शॉवरचा मिक्सर सगळे विसरतात. त्यात अडकलेलं चमचाभर पाणी गोठलं की त्याचं शरीर तडकतं. त्याचा फवारा खाली सोडून तोही उघडा ठेवा.

वसंतात परत आल्यावर टाकी भरा, नळ बंद करा, पंप सुरू करा आणि दहा मिनिटं कान देऊन बसा. दाब भरला की पंप थांबायला हवा. कोणी नळ उघडलेला नसताना तो मध्येच पुन्हा सुरू झाला, तर पाणी कुठेतरी फळ्यांखाली जातंय. पंप बंद करा, मागचं छोटं झाकण उचलून हात घाला, आणि शोध शॉवरपासून सुरू करा.